झांबियाची साथ आणि चाकणचा बाजार
(परदेशातील पशुरोग व आपल्या गोठ्याचे मोल : एक अभ्यास)

द्वितीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

वस्तूची किंमत मागणी आणि पुरवठा यांच्या मेळातून ठरते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवले जाते. गहू, कापड, सायकल अशी उदाहरणे देऊन फळ्यावर आकृत्याही काढून दाखवल्या जातात. परंतु गाय, बैल, कोंबडी यांच्यासारख्या जिवंत मालाची किंमत ठरताना आणखी एक गोष्ट मध्ये येते. ती म्हणजे रोगाची भीती. हा रोग आपल्या गावात असावा लागतो असेही नाही. तो शेकडो कोस दूर, कित्येकदा समुद्रापलीकडे सुरू झालेला असतो आणि त्याची झळ मात्र आपल्या दावणीला बसते. ही झळ कशी पोहोचते, कोणाला किती बसते आणि तिच्यापासून बचाव कसा करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न आहे.

मी मोशीची. आमच्या घरातून महाविद्यालयापर्यंत पोहोचलेली मी पहिलीच, आणि माझ्या शिक्षणाचा खर्च आजवर बहुतांशी गोठ्यातूनच निघाला आहे. त्यामुळे हा विषय माझ्या दृष्टीने केवळ परीक्षेचा नाही.

गोठ्याचे मोल कशाला म्हणावे?

मोशी हे इंद्रायणीकाठचे जुने गाव. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. एका बाजूला भोसरीची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला चाकणचे कारखाने आणि मधून जाणारा पुणे-नाशिक महामार्ग, अशी आमच्या गावाची आजची स्थिती आहे. जिथे ज्वारी आणि भाजीपाला होत असे तिथे आता बारा-बारा मजल्यांच्या इमारती आहेत. येथील जमिनीचा भाव पीक किती येते यावर ठरत नाही. रस्ता किती रुंद आहे आणि इमारतीला परवानगी मिळते की नाही यावर तो ठरतो. म्हणजे शेतीची किंमत आणि शेतजमिनीची किंमत यांचा आमच्याकडे काडीमोड झाला आहे.

तरीही गोठे पुष्कळ घरी शिल्लक आहेत. ज्यांची जमीन गेली किंवा भावकीच्या वाटणीत चार-सहा गुंठ्यांवर आली, त्यांनी दोन-चार जनावरे राखली आहेत. कडबा आणि ओला चारा विकत आणावा लागतो. पण नवीन इमारतींमध्ये दुधाचा रतीब चांगला लागतो, म्हणून हा धंदा तग धरून आहे. काही घरी दूधदुभत्याबरोबर शर्यतीचे खिलार बैलही आहेत.

अशा घरातील एका गाईचे मोल कशाकशाचे बनलेले असते? पहिले, रोजचे दूध. दुसरे, वर्ष-दीड वर्षाने होणारे वासरू. तिसरे, शेणखत. हे तिन्ही भाग कोणाच्याही ध्यानात येतात. पण चौथा भाग तेवढाच महत्त्वाचा आहे, तो म्हणजे गाय हवी तेव्हा विकता येण्याची खात्री. घरात लग्न निघाले, कोणी आजारी पडले, शाळा-कॉलेजची फी भरायची झाली, की शनिवारी चाकणच्या गुरांच्या बाजारात जनावर न्यायचे आणि संध्याकाळी रोख पैसे घेऊन परत यायचे, ही आमच्या भागातील जुनी रीत आहे. बँकेतील ठेव मोडावी तसे हे आहे. ज्याच्या नावावर सात-बारा नाही त्याला बँक दारात उभी करत नाही. पण दावणीला गाय असली तर त्याचे अडत नाही. परदेशातून आलेली साथ सर्वांत आधी हल्ला करते तो मोलाच्या या चौथ्या भागावर. गाय आजारी पडण्याच्या कितीतरी आधी तिची विकाऊपणाची खात्री नाहीशी होते.

एका रोगाचा प्रवास

उदाहरण म्हणून लंपी या रोगाचा प्रवास पाहू. या रोगात जनावराला ताप येतो, अंगावर गाठी उठतात, पायांना सूज येते, दूध आटते. विषाणू देवीच्या वर्गातला आहे. तो मुख्यतः डास, चावऱ्या माश्या, गोचीड यांच्यामार्फत पसरतो आणि आजारी जनावर एका गावाहून दुसऱ्या गावी नेले की त्याच्याबरोबर रोगही जातो. माणसाला हा रोग होत नाही.

याची पहिली नोंद १९२९ साली आफ्रिकेतील झांबियात झाली. त्या काळी त्या देशाला उत्तर ऱ्होडेशिया म्हणत. पुढे सुमारे साठ वर्षे हा रोग आफ्रिका खंडातच फिरत राहिला. १९८८ साली तो इजिप्तमध्ये आणि १९८९ साली इस्राएलमध्ये दिसला. २०१२ नंतर मध्यपूर्वेतील देशांत तो फैलावला, २०१३ मध्ये तुर्कस्तानात आणि २०१५ मध्ये ग्रीसमार्गे युरोपात शिरला. २०१९ साली बांगलादेश, चीन आणि भारत या तिन्ही देशांत त्याची पहिली नोंद झाली. आपल्याकडे ती ओडिशात झाली. २०२० साली तो महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात आढळला. त्या वेळी साथ सौम्य होती आणि पुणे जिल्ह्यातील कोणी तिची फारशी दखल घेतली नाही.

२०२२ ची साथ निराळी होती. ती गुजरात आणि राजस्थानातून आली. महाराष्ट्रात त्या वर्षीचे पहिले जनावर ४ ऑगस्टला जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातील चिनावल येथे सापडले. त्यानंतर काही आठवड्यांतच राज्यातील बहुतेक जिल्ह्यांत रोग पोहोचला. त्या वर्षी देशभरात दीड लाखाहून अधिक जनावरे दगावली.

झांबियापासून चिनावलपर्यंत यायला या रोगाला ९३ वर्षे लागली. पण त्यातली पहिली साठ वर्षे तो एकाच खंडात होता आणि शेवटच्या दहा वर्षांत त्याने अर्धी पृथ्वी पालथी घातली. वाहने वाढली, जनावरांचा व्यापार वाढला, हवामान बदलून माश्या-डासांचा हंगाम लांबला, अशी कारणे शास्त्रज्ञ देतात. आपल्यापुरते तात्पर्य असे की ‘तो रोग तिकडचा’ हे वाक्य आता फार दिवस टिकत नाही.

बाजार बंद

सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य शासनाने २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंधक कायद्याखाली संपूर्ण महाराष्ट्र हे नियंत्रित क्षेत्र जाहीर केले. गुरांचे बाजार, जत्रा, प्रदर्शने आणि शर्यती यांवर बंदी आली. चाकण, बेल्हे, काष्टी असे आसपासचे नामांकित बाजार ओस पडले. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने सात वर्षांच्या बंदीनंतर १६ डिसेंबर २०२१ रोजी परवानगी दिली होती. त्यामुळे खिलार बैलांना पुन्हा मागणी येऊ लागली होती, तीही खुंटली. भाद्रपदी पोळ्याला त्या वर्षी बैल मिरवले नाहीत. ज्याने त्याने आपल्या दारातच पुजले.

शास्त्रीय दृष्टीने ही बंदी योग्यच होती. जनावरांची ये-जा थांबवल्याशिवाय अशी साथ आटोक्यात येत नाही. माझा प्रश्न बंदीबद्दल नाही, तिची किंमत कोणी मोजली याबद्दल आहे.

राज्य शासनाने लंपीने दगावलेल्या जनावरांसाठी भरपाई जाहीर केली होती : दुभत्या गाईला ३०,००० रुपये, बैलाला २५,००० रुपये आणि वासराला १६,००० रुपये. ही मदत मोलाची होती यात शंका नाही. परंतु तिचे गणित समजून घेण्यासाठी आपण एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, तीन घरी प्रत्येकी एक संकरित गाय आहे. प्रत्येकीची बाजारात किंमत ६०,००० रुपये, दूध रोजचे १० लिटर आणि दुधाचा दर लिटरला ३० रुपये धरू.

पहिल्या घरची गाय लंपीने मेली. नुकसान ६०,००० रुपयांचे, भरपाई ३०,००० रुपयांची. निव्वळ तोटा ३०,००० रुपये आणि पुढचे दूध गेले ते वेगळे.

दुसऱ्या घरची गाय आजारी पडून बरी झाली. दोन महिने तिचे दूध निम्म्यावर आले. रोजचे ५ लिटर या हिशेबाने ६० दिवसांत ३०० लिटर, म्हणजे ९,००० रुपये गेले. अंगावर व्रण राहिल्यामुळे तिला आता ४०,००० च्या वर कोणी मागत नाही. किमतीतली घट २०,००० रुपये. एकूण तोटा २९,००० रुपये, औषधपाणी निराळे. भरपाई शून्य.

तिसऱ्या घरची गाय आजारी पडलीच नाही. पण नेमक्या त्या दिवसांत घरात पैशांची गरज निघाली. बाजार बंद. गुपचूप दारात येणाऱ्या व्यापाऱ्याने ४५,००० रुपये सांगितले. विकली तर १५,००० रुपयांचा तोटा. नाही विकली तर सावकाराचे व्याज. भरपाई अर्थातच शून्य.

यावरून दोन गोष्टी दिसतात. एक, बऱ्या झालेल्या गाईचा मालक आणि मेलेल्या गाईचा मालक यांच्या तोट्यात भरपाईनंतर फारसा फरक उरत नाही. पण सरकारी कागदावर एकाचीच नोंद होते. दुसरी, साथीच्या काळात तिसऱ्या प्रकारची घरे सर्वांत जास्त असतात. त्यांच्या दावणीला रोग शिरलेलाच नसतो, म्हणून त्यांचा तोटा कोणत्याही आकडेवारीत येत नाही.

आमचे घर या तिसऱ्या प्रकारातले होते. २०२२ साली मी अकरावीला प्रवेश घेतला. प्रवेशाचा आणि वह्या-पुस्तकांचा खर्च एक कालवड विकून करायचा असे घरात ठरलेले होते. बाजार बंद झाला. एक व्यापारी दारात आला आणि त्याने जी किंमत सांगितली ती ऐकून वडिलांनी त्याला चहा पाजून वाटेला लावले. आईने आपली भिशी त्या महिन्यात उचलली आणि माझी फी भरली गेली. आमचे निभावले, कारण भिशी होती. ज्यांच्याकडे तीही नव्हती त्यांनी मिळेल त्या भावाने जनावर दिले. त्याच दिवसांत रतिबाच्या तीन घरांनी दूध बंद केले. लंपीचे दूध पिऊ नये असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. आमच्या गोठ्यात लंपी नव्हता, आणि दुधातून हा रोग माणसाला होत नाही असे पशुसंवर्धन खाते जाहीरपणे सांगत होते. पण दूध उकळून पिणाऱ्या शहाण्या माणसांनाही त्या वेळी हे पटवणे कठीण गेले. आमचे आजोबा तेव्हा म्हणाले, “रोग एका गोठ्यात शिरतो, आवई साऱ्या गावात शिरते.”

नवापूरची शिकवण

आवईचा हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर हे कुक्कुटपालनाचे मोठे केंद्र आहे. तेथील कोंबड्यांत बर्ड फ्लूचा विषाणू असल्याचे भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेने केलेल्या तपासणीत निष्पन्न झाले आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी ते जाहीर झाले. भारतातील ही पहिलीच नोंद. हा विषाणू १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात हंसांत सापडला होता आणि १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये माणसे दगावल्यावर जगाला त्याची ओळख झाली. स्थलांतर करणारे पक्षी आणि कोंबड्यांचा व्यापार या दोन वाटांनी तो पुढे सरकत गेला.

नवापूर परिसरात लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. त्यांच्या मालकांना भरपाई मिळाली. पण नवापूरपासून दूर, जेथे एकही कोंबडी आजारी नव्हती तेथेही, किंबहुना साऱ्या देशात, चिकन आणि अंडी यांचे भाव कोसळले. रेल्वेच्या भोजनातून कोंबडी बंद झाली. पुणे हे देशातील कुक्कुट उद्योगाचे एक प्रमुख केंद्र असल्यामुळे आपल्या जिल्ह्यातील शेड-मालकांना याचा फटका बसला. एवढ्यावर गोष्ट थांबत नाही. कोंबडीच्या खाद्यात मका आणि सोयाबीनची पेंड हे मुख्य घटक असतात. शेडमध्ये पक्षी कमी झाले की खाद्याची मागणी घटते आणि ज्याने कधी कोंबडी पाळली नाही अशा मका-सोयाबीनवाल्या शेतकऱ्यालाही त्याची झळ लागते. नवापूरला हाच प्रसंग फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा ओढवला.

त्याहून विलक्षण उदाहरण २०२० सालचे आहे. करोना हा माणसांचा रोग, कोंबड्यांचा नव्हे. तरी त्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी खाल्ल्याने करोना होतो अशी अफवा भ्रमणध्वनीवरून पसरली आणि ब्रॉयलर कोंबडीचा शेतावरचा भाव उत्पादनखर्चाच्या कितीतरी खाली गेला. काही ठिकाणी पक्षी फुकट वाटावे लागले. येथे रोगाचा पक्ष्यांशी संबंधच नव्हता, तरी शेतकऱ्याचे भांडवल बुडाले. यावरून असे म्हणता येईल की साथीच्या काळात बाजार हा रोगाचे मोजमाप करत नसतो, तो लोकांच्या समजुतीचे मोजमाप करत असतो.

रोग आपल्याकडूनही गेले

येथवर वाचून कोणाचा असा समज होईल की रोग नेहमी परदेशातून येतात आणि आपण बिचारे ते सोसतो. इतिहास तसा नाही. बुळकांडी हे नाव आजच्या मुलांना माहीत नाही; पण आजोबांच्या पिढीत या रोगाच्या नुसत्या नावाने माणसे हादरत. सारा गोठा आठवड्याभरात रिकामा करणारा हा रोग होता. १९२० साली हिंदुस्थानातून ब्राझीलला निघालेली वशिंडाची गुरे बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात उतरवली गेली आणि त्यांच्याबरोबर बुळकांडी बेल्जियममध्ये शिरली. तेवढ्या एका घटनेने युरोपातील राष्ट्रे इतकी घाबरली की पुढे जानेवारी १९२४ मध्ये पॅरिस येथे २८ देशांनी मिळून पशुरोगांसाठी एक आंतरराष्ट्रीय कार्यालय स्थापन केले. तीच आजची जागतिक पशुस्वास्थ्य संघटना. कोणत्या देशात कोणता रोग आहे हे एकमेकांना कळवायचे, ही या संघटनेची मूळ अट. आज व्यापाराचे बरेच निर्णय या माहितीवर होतात.

याच बुळकांडीमुळे डिसेंबर १८८९ मध्ये आपल्या पुण्यात पशुरोगांची सरकारी प्रयोगशाळा सुरू झाली, हेही येथे सांगितले पाहिजे. १८९३ मध्ये ती कुमाऊँमधील मुक्तेश्वरला हलवण्यात आली. इज्जतनगरची आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. बुळकांडीचा भारतातील शेवटचा उद्रेक १९९५ सालचा. २०११ मध्ये जगातून हा रोग नष्ट झाल्याचे जाहीर झाले. माणसाच्या देवीनंतर संपूर्ण नाहीसा केलेला हा दुसराच रोग. म्हणजे काम चिकाटीने केले तर यश येते, याला पुरावा आहे.

दुसरे उदाहरण लाळ्या-खुरकूताचे. २००१ साली इंग्लंडमध्ये या रोगाची मोठी साथ आली. ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली, त्यांत निरोगी जनावरेही फार होती. खेड्यांतील पायवाटा बंद झाल्या आणि सार्वत्रिक निवडणूक महिनाभर पुढे ढकलावी लागली. ज्या उपप्रकाराने हे घडले त्याची पहिली नोंद १९९० मध्ये उत्तर भारतात झालेली होती. अलीकडे जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत बर्लिनजवळ म्हशींच्या एका लहानशा कळपात हा रोग सापडला. १९८८ नंतर तेथे तो प्रथमच दिसला. एका कळपामुळे साऱ्या देशाचे रोगमुक्त हे मानांकन स्थगित झाले आणि अनेक देशांनी जर्मन मांस व दुधाच्या पदार्थांची आयात थांबवली.

आता तुलना करून पाहा. तोच लाळ्या-खुरकूत आपल्याकडे एखाद्या वाडीवर आला तर वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरही बातमी येत नाही. जर्मनीत जोखीम वर्षानुवर्षे दिसत नाही आणि आली की एकदम डोंगराएवढी येते. आपल्याकडे ती रोज थोडी थोडी सोसली जाते. आपल्या गाईच्या भावात, दुधाच्या दरात, परदेशी बाजारात आपल्या मालाला न मिळणाऱ्या प्रवेशात ती आधीच वजा झालेली असते. शेतकऱ्याला वाटते आपल्या जनावराचा भावच एवढा. वस्तुतः त्या भावातून रोगाचा हप्ता कापून घेतलेला असतो.

परक्याच्या साथीत आपला लाभ?

वर्गात हा विषय निघाला तेव्हा एका मित्राने चांगला प्रश्न विचारला. परदेशात जनावरे मेली तर तेथील पुरवठा घटेल. मग आपल्या मालाला जास्त भाव मिळायला नको का? मागणी-पुरवठ्याच्या आकृतीप्रमाणे त्याचे म्हणणे बरोबर आहे. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर बऱ्याच अंशी दूध भुकटी आणि लोणी यांच्या भावावर अवलंबून असतो, आणि त्यांवर जागतिक भावाचा परिणाम होतो. जुलै २०१८ मध्ये भुकटीचे साठे पडून राहिले, दर पडले आणि राज्यभर दूध आंदोलन झाले, हे पुष्कळांना आठवत असेल. तेव्हा बाहेर टंचाई झाली तर आपल्याला लाभ होऊ शकतो, हे तत्त्वतः खरे.

पण या लाभाला तीन अडचणी आहेत. पहिली, ज्या देशात तोच रोग आहे त्याचा माल इतर देश सहजी घेत नाहीत. टंचाईत दार उघडते ते रोगमुक्त देशांसाठी. दुसरी, भाव वाढला तरी तो भुकटीच्या कारखान्यापासून गोठ्यापर्यंत येता येता झिजतो. भाव पडला तर मात्र तो दुसऱ्याच आठवड्यात दूध संकलन केंद्रावर पोहोचतो. तिसरी, आज दूर असलेली साथ उद्या आपल्या दारात येऊ शकते. लंपीचे उदाहरण आपण पाहिलेच.

आयातबंदी करून आपला भाव राखता येईल का, हाही प्रश्न आहे. पशुधन आयातीचा आपला कायदा १८९८ सालचा आहे. परदेशी जनावर आले तर त्याला विलगीकरण केंद्रात ठेवावे लागते. बर्ड फ्लूचे कारण देऊन भारताने २००७ मध्ये अमेरिकेतील कोंबडीची आयात रोखली. अमेरिका जागतिक व्यापार संघटनेकडे गेली आणि जून २०१५ मध्ये अंतिम निर्णय भारताच्या विरुद्ध लागला. ज्या भागात रोग आहे तेवढाच भाग वगळा, साऱ्या देशावर बंदी घालू नका, असा त्या निर्णयाचा आशय होता. म्हणजे भिंत बांधून कायमचा भाव राखण्याचे दिवस संपत आले आहेत.

काय करता येईल?

या अभ्यासातून मला सुचलेले काही उपाय येथे थोडक्यात मांडते.

१. लसीकरण ही सर्वांत स्वस्त विमापॉलिसी आहे. २०२२ मध्ये शेळ्यांच्या देवीची लस वापरून राज्यातील सुमारे १ कोटी ४० लाख गोवर्गीय जनावरांसाठी मोठी मोहीम राबवली गेली. त्याच वर्षी हिसार आणि इज्जतनगरच्या संस्थांनी लंपीची स्वदेशी लस तयार केली आणि तिचे तंत्रज्ञान डिसेंबरमध्ये पुण्याच्या औंध येथील पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेला देण्यात आले. लाळ्या-खुरकूतासाठी २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. लसवाला दारात आला की गाय रानात आहे असे सांगून त्याला परत पाठवू नये.

२. कानातील बिल्ल्याकडे पोलिसी नजरेने पाहू नये. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय जनावराच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. त्या बारा अंकांमागे जनावराच्या लसींची नोंद असते. ती नोंद विश्वासार्ह राहिली तर साथीच्या काळात सरसकट बाजार बंद न करता लसवंत जनावरांचा व्यवहार लवकर सुरू करता येईल. मोलाचा तो चौथा भाग यामुळे वाचू शकेल.

३. भरपाईचा विचार मृत्यूपुरता मर्यादित असू नये. बाजार सरकारी आदेशाने बंद होतो तेव्हा तो सर्वांच्या हितासाठी बंद होतो. मग त्याचा भार केवळ गरजवंत विक्रेत्यावर का? बंदीच्या काळात जनावर तारण ठेवून बाजार समिती किंवा सहकारी पतसंस्थेने अल्प व्याजाने कर्ज दिले, तर पडत्या भावाने विकण्याची पाळी येणार नाही. धान्यासाठी शेतमाल तारण योजना आहेच. तोच न्याय जनावराला लावावा.

४. पशुविमा जनावर मेल्यावर पैसे देतो. भाव पडल्यावर देत नाही. ही मर्यादा ओळखून विमा जरूर घ्यावा, पण त्यावर सर्व भिस्त ठेवू नये.

५. नवे जनावर विकत आणले की निदान तीन आठवडे ते वेगळे बांधावे. बंदरावर सरकार जे करते तेच आपल्या गोठ्याच्या दारात आपण करायचे. जागा कमी असते ही आमच्या मोशीची अडचण खरी आहे; पण शेजाऱ्याशी ठरवून एखादी सामाईक जागा राखता येते.

६. शेवटचा उपाय आपल्यासारख्या विद्यार्थ्यांच्या हातचा आहे. साथीच्या काळात खरी माहिती घरोघर सांगणे. आमच्या गावात इमारतीत राहणारा दूध घेतो आणि गोठ्यात राहणारा दूध देतो. दोघांमध्ये ओळख फक्त किटलीपुरती असते. अफवेला जागा मिळते ती या अंतरात. महाविद्यालयात दोन्हीकडची मुले एका बाकावर बसतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात झाडे लावतो, रक्तदान करतो, त्याबरोबर साथीच्या दिवसांत पशुवैद्यकांचे म्हणणे सोप्या मराठीत लिहून प्रत्येक सोसायटीच्या फलकावर लावणे काही अवघड नाही.

समारोप

मोशीतल्या गुंठ्याचा भाव मोशीत ठरतो. मोशीतल्या गाईचा भाव मात्र चाकणला ठरतो, जळगावला ठरतो आणि आपण नकाशात कधी शोधले नाही अशा गावांतही ठरतो. ही गोष्ट शेतकरी अनुभवाने जाणतो, पण त्याच्या हिशेबाच्या वहीत तिला रकाना नाही. अर्थशास्त्र शिकणाऱ्याने तो रकाना आखून दिला पाहिजे असे मला वाटते. मेलेल्या जनावरांची संख्या शासन मोजते. न विकल्या गेलेल्या, पडत्या भावाने गेलेल्या आणि आजारातून उठून निम्म्या दुधावर आलेल्या जनावरांची मोजणी अजून व्हायची आहे. पुढील वर्षी प्रकल्प-लेखनाचा प्रसंग आला तर मोशी, चिखली, डुडुळगाव आणि चऱ्होली या चार गावांतील गोठ्यांपुरती तरी ही मोजणी करण्याचा माझा मानस आहे. ज्या विद्यार्थिमित्रांच्या घरी दावण आहे त्यांनी, आणि ज्यांच्या घरी केवळ किटली येते त्यांनीही, या कामी हात लावावा अशी विनंती करते.